काळजाची इंग्रजी

२ डिसेंबर, सोमवार

हवा स्वच्छ, वारा उत्तरेचा. दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या.

दोह्याला स्टोअरकीपर होतो तेव्हा रोज संध्याकाळी साइटची डायरी लिहावी लागायची. हवा, आलेला माल, गेलेला माल, अपघात असल्यास. गेल्या वर्षी कायमचा घरी बोर्लीला आलो, घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तरी डायरीची सवय काही सुटत नाही. आज मात्र ‘अपघात’ या सदरात लिहावं असं घडलं.

चेन्नईचं जोडपं परत निघालं होतं. सामान गाडीत टाकून झालं आणि त्या बाईंनी छातीवर हात ठेवला, म्हणाल्या, “अंकल, वुई आर हार्टब्रोकन.”

हार्ट मला माहीत आहे. ब्रोकन तर चांगलंच माहीत आहे, फुटक्या लाद्या परत पाठवताना पावतीवर तेच लिहायचो. त्यात हात छातीवर. मी ओरडून बायकोकडे, अतियाकडे पाणी मागितलं, बाईंना ओट्यावर बसवलं आणि शेजारच्या गुणाजीला रिक्षा काढायला सांगितलं. गुणाजी बनियनवरच धावत आला. “काय झाला रफिकभाय? कोनाचा हार्ट?” म्हसळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला तेव्हा कुठे नवऱ्याच्या लक्षात आलं. त्याने समजावून सांगितलं की इथून जायचं म्हणून वाईट वाटतंय, एवढंच.

बाई इतक्या हसल्या की आणलेलं पाणी खरोखर प्यावं लागलं. गुणाजी मात्र रागावला. म्हणाला, वाईट वाटला तर वाईट वाटला म्हना, रिक्षा कशाला काढाय लावता?

आमची अनमही हसली. दाराला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरीला असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी भाकरी मोडता मोडता अनम म्हणाली, “अब्बू, तुमची इंग्रजी सिमेंटची आहे.”

खरं आहे. सिमेंट, सळ्या, पाइप, डिलिव्हरी टुमॉरो, सॉरी सर, नो स्टॉक. परदेशातली सगळी वर्षं एवढ्यावर निघाली.

“माणसांची इंग्रजी मी शिकवते. गाण्यांवरून.”

पुस्तकावरून का नाही, असं विचारलं. ती म्हणाली, “पुस्तकातली माणसं हाऊ आर यू, आय एम फाइन एवढंच बोलतात. गाण्यात कुणीच फाइन नसतं.”

अनम म्हसळ्याच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवते. एसटीने जाते, एसटीने येते, आली की कानात ते गाणी ऐकायचं वायरीचं बोंडुक घालून खोलीत बसते. कैसचं स्थळ मोडल्यापासून असं चाललंय. कैस म्हणजे श्रीवर्धनच्या माझ्या दोस्ताचा मुलगा. निर्व्यसनी, शिकलेला, दोघं एकमेकांना आवडलेही होते. त्याला मस्कतला नोकरी लागली, मी मिठाईची ऑर्डर द्यायला निघालो आणि हिने सांगितलं, नाही जमणार. कारण विचारलं तर गप्प. अतियानेही जोर केला नाही. मस्कतची नोकरी, अजून काय हवं असतं मुलीला? असो. तिने स्वतःच नकार दिलाय, म्हणजे दुःखाचा प्रश्न नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

पहिला धडा झाला. एक बाई घोगऱ्या आवाजात गाते की नवरा निघून गेला तरी ती किटलीत दोघांचं पाणी उकळते. शब्द आला ‘मिस’.

मिस म्हणजे एसटी चुकते ते. मिस म्हणजे शाळेतली बाई. आता तिसरं आलं. कुणी जवळ नाही आणि ते जाणवतंय, तर मिस. अनमने विचारलं, “तिकडे असताना तुम्ही आम्हाला मिस करायचात?”

मी म्हटलं, अर्थात. दर शुक्रवारी फोन करायचो की.

“फोनवर काय बोलायचात?”

आठवून सांगितलं. गॅस आला का, फी भरली का, विहिरीचा पंप दुरुस्त झाला का.

अनमने मान हलवली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. अतिया स्वयंपाकघरात नारळ खोवत होती. खोवण्याचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बहुतेक नारळ संपून दुसरा घेतला.

८ डिसेंबर, रविवार

हवा दमट. ठाण्याचे पाहुणे आले, कोळंबीचं कालवण दोनदा मागून घेतलं.

या शब्दांची मी माझ्या पद्धतीने मांडणी केली आहे. स्टोअरमध्ये खिळे जसे मापाप्रमाणे लावायचे तसे. सगळ्यात लहान सॅड. मग अपसेट. मग हार्टब्रोकन. सगळ्यात मोठा डिव्हास्टेटेड, हा लाकडात शिरला की लाकूड चिरतंच. नंब मात्र कोणत्या फळीवर ठेवावा कळेना. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, तसं मनाचं होतं म्हणे. दुखायला हवं पण दुखत नाही.

‘माय हार्ट सँक’ म्हणजे काळीज बुडालं. मी हरकत घेतली. आपल्याकडे काळीज तुटतं, चरकतं, पाणी पाणी होतं. बुडत नाही. होड्या बुडतात. अनम म्हणाली, “त्यांचं बुडतं, अब्बू. लिहून घ्या.” घेतलं.

एक गोष्ट लक्षात आली. एवढी गाणी ऐकली, एकाचंही धड चाललेलं नाही. या लोकांची लग्नं टिकतच नाहीत की काय? अनमला विचारलं, आनंदाचं गाणं नाही का एखादं? म्हणाली, “माझ्या फोनमध्ये सध्या नाही.”

११ डिसेंबर, बुधवार

मोठी बातमी. दोह्याहून आमच्या जुन्या मॅनेजर साहेबांचा फोन आला. केरळचे आहेत, माणूस चांगला. नवं काम मिळालंय, हॉस्पिटल बांधायचंय, स्टोअरला भरवशाचा माणूस हवा. दोन वर्षं. जानेवारीत सांग म्हणाले.

खरं लिहायचं तर फोन ठेवल्यावर मला उंच झाल्यासारखं वाटलं. तिकडे सकाळपासून हाका सुरू असायच्या. रफिक कुठे आहे, चावी कुठे आहे, रफिकला विचारा. इथे पाहुणे नसले की मी सुपारीच्या बागेत फेऱ्या मारतो आणि गुणाजीच्या रिक्षाचा हॉर्न दुरुस्त करतो. तो बिघडलेला नसला तरी.

घरात सांगितलं. अतियाने पीठ मळता मळता ऐकलं. म्हणाली, “तुम्हाला बरं वाटेल तसं करा.”

भांडण नाही, रडणं नाही. अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं. दुपारी पाहतो तर तिने माळ्यावरची माझी मोठी बॅग काढून, पुसून, अंगणात उन्हात ठेवली होती.

अनम शाळेतून आली, बॅग पाहिली आणि आत गेली. धडा झाला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

धडा झाला. ‘आय एम ओव्हर यू’. मला वाटलं वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्याला सांगतोय. तसं नाही. तू माझ्या मनातून उतरलास, असा अर्थ. पण जो हे गातो त्याच्या मनातून काही उतरलेलं नसतं, असंही अनमने सांगितलं. मग गातो कशाला? खोटं बोलायला चाल लागते वाटतं.

आजच्या गाण्यात गंमत होती. सोडून गेलेली बाईच रडते. मी म्हटलं, हे चूक आहे. नकार देणाऱ्याला कसलं दुःख? मार खाणारा रडतो, मारणारा नाही.

अनम खिडकीबाहेर बघत होती. “सोडणाऱ्यालाही होतं, अब्बू. त्याला तर कुणी विचारायलाही येत नाही.”

हा वापर लक्षात ठेवण्यासारखा आहे. हार्टब्रोकन दोन्ही बाजूंना चालतो.

कांद्याचा त्रास तिला फार होतो. डोळे लाल होते. कांदा अतिया स्वयंपाकघरात चिरत होती, आणि ही इकडे ओटीवर.

१९ डिसेंबर, गुरुवार

हवा थंड. अतियाने लिंबाचं लोणचं घातलं, दोन बरण्या. एक घरासाठी, एक माझ्या बॅगेसाठी. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण तिची तयारी असते. पूर्वी संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी ती थोडा वेळ माझ्याजवळ ओट्यावर बसायची. हल्ली शिलाई मशीन घेऊन आतच बसते. सुट्टीच्या हंगामात ब्लाउजची कामं वाढत असतील.

आज एक वाद झाला. ‘अलोन’ आणि ‘लोन्ली’. मी म्हटलं दोन्ही एकच, एकटा. एकाच मालाला दोन कंपन्यांची नावं. अनम फरक समजावू लागली, तर आतून मशीन थांबलं आणि अतियाचा आवाज आला.

“एक नाही.”

अतिया उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. पण धडे आत बसून ऐकत होती तर.

“तुम्ही दोह्याला असायचात, पोरगी शाळेत जायची, मी घरात, ते अलोन. तुम्ही सुट्टीवर यायचात, इथे माझ्यासमोर बसून कॅलेंडरवर परतीची तारीख बघायचात, ते लोन्ली.”

मग मशीन पुन्हा सुरू झालं.

वाक्यात उपयोग अगदी बरोबर केला तिने. मी अनमला म्हटलं, अम्मीलाही वर्गात घे, तिची समज चांगली आहे. अनमने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही चुकीचं भाषांतर केलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

नाताळची गर्दी. दिवेआगरला खोली मिळत नाही म्हणून लोक आपल्या बोर्लीपर्यंत येतात.

काल बंगळूरच्या एक बाई आल्या. खोली दोघांच्या नावाने, आल्या एकट्याच. दार लावून घेतलं. जेवायला नाही, चहाला नाही. अतिया म्हणाली, “ताट घेऊन जा आणि बघा तरी.” मी म्हटलं, त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नाही. ती म्हणाली, “मग इतके दिवस शिकताय कशाला?”

सांदणं आणि नारळाचं दूध घेऊन गेलो. दार उघडलं. चेहरा सुजलेला. मी ताट पुढे केलं आणि विचारलं, “मॅडम, सॅड? ऑर अपसेट? ऑर मोअर बिग?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मोअर बिग.”

“डिव्हास्टेटेड?”

थोडा विचार करून म्हणाल्या, “नॉट दॅट बिग.”

“देन हार्टब्रोकन,” मी म्हटलं. “वुई हॅव. प्लीज ईट.”

वुई हॅव हे स्टोअरच्या सवयीने निघून गेलं. पण त्या एकदम हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या, आणि रडता रडता सांदण खाऊ लागल्या. मी अतियाला हाक मारली. मग दोघी ओट्यावर बसल्या. हिला इंग्रजी नाही, तिला मराठी नाही. तरी दुपार कलेपर्यंत बोलत होत्या. मधून हसण्याचा आवाजही येत होता. काय बोलल्या कोण जाणे.

आज निघताना बाईंनी अतियाला मिठी मारली आणि म्हणाल्या, “यू आर लकी. ही आस्क्स.”

“काय म्हणाल्या?” अतियाने मला विचारलं.

मी सांगितलं, मी विचारतो म्हणून तू नशीबवान आहेस म्हणतात.

“हो का,” अतिया म्हणाली आणि ताटं उचलायला आत गेली.

माझी इंग्रजी कामाला आली. फार बरं वाटलं.

२ जानेवारी, गुरुवार

पाहुणे गेले. चादरी धुतल्या, वाळल्याही.

आजचा शब्द अवघड. ‘टेक फॉर ग्रँटेड’. ग्रँटेड मला माहीत होतं. लीव्ह ग्रँटेड, म्हणजे रजा मंजूर. त्या कागदावरचा तेवढाच शब्द शोधायचो आम्ही. म्हणजे ‘यू टुक मी फॉर ग्रँटेड’, तू मला मंजूर धरलंस. मग तक्रार कशाची?

अनम म्हणाली, “अर्जच न करता मंजूर धरलं त्याने, अब्बू. विचारलंच नाही. ती असणारच, ती हो म्हणणारच, असं धरून चालला.”

मी उदाहरण मागितलं.

तिने उदाहरण दिलं नाही. आतल्या दाराकडे पाहिलं. माझी बॅग अजून खालीच होती, तिथे भिंतीला टेकून. मी म्हटलं, बॅगेचं उदाहरण कसं होईल? अनमने कपाळावर हात मारून घेतला.

रात्री जेवताना पुन्हा विचार केला. गाण्यातल्या त्या माणसाची चूक काय ते अजून नीट कळत नाही. तो पैसे पाठवत होता का? असेल तर गाण्यात तसं सांगायला हवं होतं.

३ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्यानंतर मशिदीबाहेर कैस भेटला. बोर्लीत मावशीकडे निरोप घ्यायला आला होता. पंधरा तारखेचं मस्कतचं विमान. सलाम केला, मान खाली घालून उभा राहिला. मुलगा वाळलाय. मला राहवलं नाही. म्हटलं, बेटा, आमच्या मुलीने असं का केलं, तुला तरी ठाऊक आहे का?

“चाचा, तिने सांगितलं नाही तुम्हाला?”

नाही म्हटलं.

“ती म्हणाली, मला सोबत ने नाहीतर इथेच काहीतरी बघ. मी म्हटलं, सुरुवातीला कसं नेता येईल? आमच्याकडे सगळ्यांच्या बायका मागे राहतात. चार-पाच वर्षांचा प्रश्न.” त्याची मान खालीच. “ती म्हणाली, माझे अब्बूही चार-पाच वर्षांसाठीच गेले होते. मी माझ्या अम्मीला पाहिलंय, मला ते नको. तू मला आवडतोस म्हणून तर नको.”

मी त्याला काय बोललो आठवत नाही. बहुतेक सांभाळून जा म्हणालो.

घरी सरळ आलो नाही. तळ्याच्या बाजूने गेलो. तिथे उभा असताना कळलं की काळीज बुडतं. हरकत मागे घेतो. आधी थोडं पाणी आत येतं, मग एकदम.

‘अलोन’चं वाक्य आठवलं. बंगळूरच्या बाई काय म्हणाल्या ते आठवलं, आणि अतिया “हो का” कशी म्हणाली तेही. खिडकीपाशी बसलेली अनम आठवली. तिथे कांदा नव्हता.

६ जानेवारी, सोमवार

दोन दिवस बोलायचं ठरवलं आणि पंपाबद्दल बोललो. आज असरची नमाज झाल्यावर अतियाला म्हटलं, चल, दिवेआगरला जाऊ. “काय आणायचंय?” म्हणाली. काही नाही, असंच. ती माझ्याकडे संशयाने बघत स्कूटरवर बसली.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो. ओहोटी होती. मी घसा साफ केला आणि विचारलं, “मी दोह्याला जाण्याबद्दल तुला काय वाटतं?”

“मी सांगितलं ना, तुम्हाला बरं—”

“मला नाही. तुला काय वाटतं?”

ती कितीतरी वेळ वाळूत बोट फिरवत राहिली. मला वाटलं आता उठेल. उठली नाही. बोलू लागली.

निसर्ग वादळाची गोष्ट सांगितली. पत्रे उडाले, पोफळी काडीसारख्या मोडल्या, ती आणि अनम न्हाणीघरात दार धरून बसल्या होत्या. कित्येक दिवसांनी फोन लागला. “तुम्ही विचारलंत, नुकसान किती झालं? मी भीती किती वाटली ते सांगणार होते. मग म्हटलं, जाऊ दे, पत्र्यांचाच हिशेब देते.” मी सुट्टीवर यायचो तेव्हा सुरुवातीला घरात परका माणूस आल्यासारखं तिला व्हायचं, आणि सवय होते न होते तोवर मी निघायचो, तेही सांगितलं. रडत नव्हती. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी सांगत होती. मध्येच एक कुत्रं येऊन तिच्या पायाशी बसलं, तर त्यालाही तिने हाकललं नाही.

मी म्हटलं, “तिकडे मला हाका मारतात गं. रफिक कुठे, रफिकला विचारा. इथे कुणाला माझं काही लागत नाही.”

“मी हाक मारते ती ऐकू येत नाही?”

मी चपला काढून वाळूत पाय पसरले.

मग ती म्हणाली, “तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. पण माझ्यासाठी थांबलो, असं गावभर सांगत फिरू नका. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा.”

मगरिबच्या अजानपर्यंत बोलत होती. तिच्या बोलण्यातले काही शब्द मला नीट कळले नाहीत, आणि ते मराठीच होते. रुखरुख आणि हुरहुर यांत फरक काय, हे मला विचारावं लागलं. ती हसायला लागली. म्हणाली, “आता मराठीचाही वर्ग लावा.”

फरक तिने सांगितला. तो इथे लिहीत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मॅनेजर साहेबांना फोन लावला. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. घरात सगळ्यांनी कामाचं सोंग घेतलं, पण अनमच्या हातातली वही उलटी होती आणि गुणाजी विनाकारण कुंपणापाशी उभा होता.

“सर, आय एम नॉट कमिंग.”

पगार वाढवून देतो म्हणाले. मी म्हटलं, सर, पगाराचं नाही.

“देन व्हॉट हॅपन्ड, रफिक? एनी प्रॉब्लेम?”

“नो प्रॉब्लेम, सर. आय विल मिस माय वाइफ.”

मला वाटलं लाइन गेली. आत काहीतरी भांडं पडलं.

मग साहेब हळूच म्हणाले, “रफिक, इतकी वर्षं तू मला फक्त नो स्टॉक सांगत होतास.” आणि स्वतःहून बोलू लागले. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी साइटवरच्या कंटेनरमध्ये बसून फोनवर पाहिलं होतं. तो दिवस मला आठवत होता. त्या दिवशी त्यांनी सळ्या तीनदा मोजायला लावल्या होत्या आणि आम्ही त्यांना मनातून शिव्या दिल्या होत्या. “आय वॉज गटेड,” म्हणाले.

हा शब्द आमच्या धड्यात नव्हता. मी विचारलं, सर, गटेड म्हणजे?

“तू कोकणातला ना? मासा साफ केल्यावर आतून कसा दिसतो? तसं.”

कळलं. इतकं चांगलं अनमलाही सांगता आलं नसतं. तिला विचारलं तर तिला तो शब्द माहीतच नव्हता. आता धडा मी घेणार.

फोन ठेवला तर गुणाजी कुंपणावरून म्हणाला, “न्हाय जात ना? बरा झाला. हॉर्न खराच बिघडलाय आता.”

अतिया बाहेर आली नाही. पण थोड्या वेळाने ती मोठी बॅग उचलून माळ्यावर चढवताना दिसली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, “राहू द्या, मला जमतं.” मग म्हणाली, “बरं, धरा.”

१५ जानेवारी, बुधवार

आज अनम शाळेत गेली नाही. मी विचारलं नाही का ते. कैसचं विमान दुपारचं होतं.

संध्याकाळी ती मागच्या पायरीवर बसली होती, बागेकडे तोंड करून. मी जाऊन शेजारी बसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “निघायच्या आधी त्याने विचारलं. वर्षभर थांबशील का? मी नाही म्हटलं.” मग माझ्याकडे वळली. “बरोबर केलं ना मी, अब्बू?”

मला एवढे शब्द येतात आता. लहान, मध्यम, मोठे, सगळे फळीवर लावलेले आहेत. त्यातला एकही हाताला लागेना.

“बरोबर की चूक, ते मला नाही सांगता येणार,” मी म्हटलं. “दुखतंय का?”

“दुखतंय.”

“मग बस इथेच. मीही बसतो.”

ती माझ्या खांद्याला टेकून रडली. चांगली पोटभर. मी काहीच केलं नाही. सुपारीवर एक खार वरखाली करत होती, तिच्याकडे दोघंही बघत राहिलो.

मग अनमने नाक पुसलं आणि ते बोंडुक काढलं. एक स्वतःच्या कानात, एक माझ्या. गाणं सुरू झालं. मी तयारीने शब्द पकडायला बसलो, पण हे निराळंच निघालं. ढोल बडवल्यासारखं, भन्नाट पळणारं. एक अक्षर कळेना. मी म्हटलं, यात कोण कुणाला सोडून गेलंय? “कुणीच नाही,” अनम म्हणाली, “नाचतायत नुसते.” तिचा पाय हलत होता. पाहिलं तर माझाही.

अतिया हात पुसत दारात आली. आम्हाला असं एका वायरीने बांधलेलं पाहून थोडा वेळ उभी राहिली, मग आत जाऊन गॅस बंद करून आली.

“सरका जरा,” म्हणाली. आम्ही सरकलो.